पुल्लिंगी प्रवेश नाही

साऱ्या नागपुरात, आणि माझ्या माहितीप्रमाणे साऱ्या देशात, वस्तूंचं लिंग तपासून मगच त्यांना खोलीत घेणारी बाई एकच झाली, आणि ती माझ्या वाट्याला बायकोची आत्या म्हणून आली. लग्नाआधी मुलीकडची मंडळी मला पाहायला आली तेव्हा इतरांनी माझा पगार विचारला, दात पाहिले, विक्रीकर कार्यालयात कारकुनाला बढती किती वर्षांनी मिळते याची चौकशी केली. आत्याबाई कोपऱ्यात सरळ पाठीनं बसून होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "'व्यक्ती' या शब्दाचं लिंग सांगा."

"स्त्रीलिंगी," मी म्हणालो.

"तुम्ही व्यक्ती आहात का?"

"आहे."

"मग संसारात व्यक्ती म्हणूनच राहा. पुरुष म्हणून राहायला गेलात की अडचण होते. आमच्या मुलीचीही आणि वाक्याचीही."

एवढं बोलून त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली आणि माझं लग्न ठरलं.

आत्याबाई मुलींच्या एका सकाळच्या शाळेत मराठी शिकवत. मराठी म्हणजे व्याकरण. कविता वगैरे त्या शेवटच्या आठवड्यात, घर आवरताना माळा झाडावा तशा उरकून टाकत. त्यांचं आयुष्यभराचं भांडण एका पारिभाषिक शब्दाशी होतं. 'मी' हे प्रथम पुरुषी सर्वनाम आहे, असं सगळी पुस्तकं सांगत. आत्याबाई वर्गात शिकवत, प्रथम व्यक्ती, द्वितीय व्यक्ती, तृतीय व्यक्ती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं आणि हरकत घेतली. आत्याबाई म्हणाल्या, "माझी मुलगी 'मी' म्हणायला तोंड उघडते आणि तुम्ही म्हणता प्रथम पुरुष. म्हणजे ती एक अक्षर बोलायच्या आत तुम्ही हजर." साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शिक्षिका विद्वान आहेत. आवर घालणे आवश्यक.' हा शेरा आत्याबाईंनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेऊन देवघराशेजारी लावला होता.

त्यांचा दुसरा राग नागपुरी बोलीवर. जन्म नागपूरचा, नोकरी नागपूरची, पण बोलणं छापील. एखादी मुलगी 'आणते आहे'ऐवजी म्हणाली, "बाई, मी वही आणून राहिली," की या म्हणत, "कुठे राहिलीस? तिथेच राहा." सगळ्यात जास्त चीड 'गा' आणि 'वं'ची. आमच्याकडे पुरुषाला हाक मारताना मागे 'गा' लावतात आणि बाईला 'वं'. काय गा, कुठी चालला? काय वं, कुठी चालली? आत्याबाईंच्या मते ही संबोधनं नव्हेत, ढोरं हाकायचे आवाज आहेत. त्यांच्या तोंडून ते कधी निघाले नाहीत. नळावर सात बायकांचं सातशे वेळा 'वं' ऐकून त्या घरी येत आणि कान धुवावेत तसा चेहरा धूत.

सक्करदऱ्याच्या तलावापासून चार गल्ल्या आत त्यांचं घर होतं. वडील वारल्यावर पुढच्या खोलीत त्यांनी बायकांसाठी वाचनालय काढलं. दोन कपाटं, बारा खुर्च्या, रोज दुपारी दोन ते पाच. बाहेर पाटी लावली. पेंटरनं 'पुरुषांस मनाई' असं रंगवायची तयारी दाखवली होती, पण आत्याबाईंनी कागदावर लिहून दिलं, 'येथे पुल्लिंगी प्रवेश नाही.' त्यांचं म्हणणं, 'पुरुष' लिहिलं तर लोक वाद घालतात. एक म्हणतो मी नवरा आहे, दुसरा म्हणतो मी भाऊ आहे, तिसरा म्हणतो मी फक्त मीटर पाहायला आलो. व्याकरणाशी वाद घालता येत नाही.

पण व्याकरणाचं असं असतं की ते एकदा घरात घेतलं की सगळीकडे फिरतं. पाटी लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात पलंग बाहेर गेला, कारण तो पलंग. खाट आत राहिली. आरसा गेला. सोफा मुळात नव्हता म्हणून वाचला. पोस्टमन अंगणात थांबे. पत्र नपुंसकलिंगी असल्यामुळे खिडकीतून आत घेतलं जाई, आणि तार आली तर तिला मानानं दारातून नेत. चष्म्याचा प्रश्न मीच काढला होता. आत्याबाई म्हणाल्या, "चष्मा खोलीत नाही, नाकावर आहे. नाक नपुंसकलिंगी आहे." चहाच्या बाबतीत मात्र त्या पेचात सापडल्या. चहा पुल्लिंगी, आणि चहाशिवाय बाई वाचत नाही. शेवटी त्यांनी आयुष्यातली पहिली तडजोड केली. ज्या हिंदीमिश्रित बोलीला त्या नाक मुरडत, तिच्यातला 'चाय' हा शब्द त्यांनी तेवढ्यापुरता आत घेतला, कारण ती चाय. कपाऐवजी वाट्या आल्या.

आणि मग मे महिना आला. पंखा पुल्लिंगी, म्हणून छताचं कडं रिकामं. नागपूरच्या उन्हाळ्यात बिनपंख्याच्या खोलीत अकरा बायका ओल्या पदरांनी कपाळं पुसत वाचत बसल्या, आणि त्यातली एक माझी बायको होती. घरी आल्यावर ती जे बोलली त्याचं व्याकरण चालवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना सुचवलं की कूलर खिडकीच्या बाहेर बसवतात. कूलर पुल्लिंगी खरा, पण तो अंगणात राहील. आत येईल ती हवा.

आत्याबाईंनी डोळे मिटून ते वाक्य मनात दोनदा चालवलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला बढती मिळायला हरकत नाही."

बढती मला मिळाली ती कूलरमध्ये पाणी भरण्याची. दर रविवारी मी सायकलवरून सक्करदऱ्याला जायचो, कूलर बंद करायचो, अंगणातल्या नळावरून आठ बादल्या ओतायचो, वाळा भिजवायचो आणि पुन्हा सुरू करायचो. वाळ्याची ती हवा आत जायची. मी बाहेर कूलरच्या पाठीला, उन्हात उभा राहायचो. पण कूलर बंद असायचा तेवढी वीस मिनिटं आतलं सगळं बोलणं ऐकू यायचं, आणि मला आयुष्यात जे काही शिक्षण मिळालं ते बरंचसं त्या वीस-वीस मिनिटांत मिळालं.

त्याच गल्लीच्या तोंडाशी कमला राहत असे. ती पोलकी शिवायची. तिच्या हातच्या पोलक्याला चूण पडत नाही अशी पार महाल भागापर्यंत कीर्ती होती. आईबापांनी तिचं नाव कमलाकर ठेवलं होतं. विशीत तिनं पॅन्ट सोडून लुगडं नेसलं आणि नावाच्या मागचा 'कर' उसवून टाकला. विक्रीकर खात्यातला माणूस म्हणून सांगतो, इतक्या सहज 'कर' काढलेला मी दुसरा पाहिला नाही. आज मी बिनधास्त 'ती' लिहितोय, पण त्या काळी माझी जीभ अडखळे. मग मी सरकारी मराठीचा आधार घेई. "पोलके शिवून झाले असल्यास कळवावे," असं म्हटलं की समोर कोण आहे हे ठरवावंच लागत नाही. सरकारनं ही भाषा उगाच नाही शोधून काढली.

गल्लीतल्या बायका असल्या भानगडीत पडत नसत. त्यांचा हिशेब सरळ होता. घरात लग्न आठ दिवसांवर आलं की, "कमला वं, तेवढं बाह्यांचं पाह्य ना माय." पोलकं हातात पडलं आणि लग्न पार पडलं की, "काय गा, कुठी चालला?" पुरुष तर बाराही महिने 'गा'च म्हणत, आणि पाठीमागे जे म्हणत ते मी लिहिणार नाही. कमला दोन्हीला ओ द्यायची. मात्र 'गा'ला ओ देताना ती सुई दातात धरायची, हे माझ्या बायकोनं पाहिलं होतं.

साल नेमकं आठवत नाही, चौऱ्याहत्तर की पंचाहत्तर. मेमधला रविवार. मी तिसरी बादली ओतत होतो तेव्हा कमला फाटकातून आत आली. इस्त्रीची पोपटी साडी, केसांना तेल, हातात वर्गणीच्या पैशांची रुमालातली पुरचुंडी. अंगणात चपला काढून ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"जवाईबापू, बाई हायेत काय आत?"

"आहेत."

"मले मेंबर व्हाचं हाय."

माझ्यातला कारकून जागा झाला. "व्याकरण येतं का? नव्या मेंबरला एका शब्दाचं व्याकरण चालवावं लागतं."

"मी त चवथी पास," ती म्हणाली, आणि तरी दारात जाऊन उभी राहिली, बरोबर त्या पाटीखाली.

आत्याबाई टेबलाशी बसल्या होत्या. बोलल्या मात्र दमयंतीबाई. या तारघरात नोकरी करत, आत्याबाईंच्या जुन्या विद्यार्थिनी, वाचनालयाच्या चिटणीस. अकरातल्या सहा मेंबर त्यांनीच आणलेल्या. बाई सरळ होती, मनात एक आणि तोंडात एक असं तिचं नसे.

"बाई, थांबा," त्या म्हणाल्या. "कमलाचा मले राग नाही. माझी पोलकी तिच्याकडेच असतात. पण ही खोली आपण काहून काढली? ऑफिसात पंधरा माणसांत मी आठ तास बसते. घरी सासरा, नवरा, दोन दीर. साऱ्या गावात ही एक जागा आहे जिथं मी पाय पसरून बसते आन् पदर कुठी आहे ते पाहत नाही. बाईचं अंग घेऊन जन्मलं की जे सोसावं लागते, ते सोसलेल्यांची ही खोली. तिनं सोसलं काय ते?"

प्रश्न खरा होता. मी बादली खाली ठेवायची विसरलो.

कमला उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "समदं नाई सोसलं, ताई. पाळी नाई, बाळंतपण नाई. बाकीचं सोसलं. टाकीजवर बायांच्या लायनीत उभी राहिली त बाया हाकलतात. माणसांच्या लायनीत काय होते ते मी सांगत नाई, तुमाले मालूम हाय. पुस्तक त मले भाड्यानं बी भेटते. मले बसाले जागा पाहिजे."

आत्याबाईंनी टेबलावरची वही सरळ केली आणि जणू मधलं बोलणं झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "व्याकरण चालव. शब्द, 'मी'."

"मी?" कमला म्हणाली. "मी म्हणजे मीच ना, बाई."

"शब्दाची जात?"

कमलानं मान हलवली. आणि दमयंतीबाई, ज्यांचा या प्रवेशालाच विरोध होता, त्या पटकन म्हणाल्या, "सर्वनाम." चार वर्षं आत्याबाईंच्या हाताखाली काढलेल्या मुलीला उत्तर येत असलं की दम निघत नसे.

"सांगू नकोस," आत्याबाई म्हणाल्या. "लिंग?"

कमलानं वर पाटीकडे पाहिलं. मग मागे वळून माझ्या बादलीकडे पाहिलं. तिथं काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "ते त म्हणणाऱ्याले मालूम, बाई."

आत्याबाईंनी चष्मा काढला. "मराठीत मूळ सर्वनामं नऊ. त्यांतली लिंगाप्रमाणे बदलतात ती तीन, तो, हा आणि जो. तिन्ही दुसऱ्यानं आपल्याबद्दल बोलायची. 'मी' बदलत नाही. 'मी'चं लिंग बोलणाऱ्यावरून धरायचं. उत्तर बरोबर. दहापैकी नऊ. 'मालूम'चा एक गुण कापला. मराठीत 'ठाऊक' आहे."

"ते व्याकरण झालं, बाई," दमयंतीबाई म्हणाल्या. "अंग व्याकरणात नसते."

मी आत्याबाईंना इतक्या वर्षांत वादात कुणाचं म्हणणं मान्य करताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

"नसतं," त्या म्हणाल्या. "खरं आहे तुझं. पण दमयंती, मी लग्न केलं नाही, मला मूल नाही. या आळीत हळदीकुंकवाला मला कुणी बोलावत नाही. ही काही पुरी बाई नव्हे, असं माझ्या सख्ख्या भावजयीनं माझ्या तोंडावर म्हटलंय." सख्खी भावजय म्हणजे माझी सासू, मी बादलीत पाहिलं. "अंगाची यादी करून बाई मोजायला बसलं की माझ्या नावावरही फुली पडते. दारात ती यादी घेऊन मी उभी राहणार नाही. दुसऱ्या कुणाला उभं राहायचं असेल तर तिनं आधी मला बाहेर काढावं."

"मंग मी येणार नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त वाईट वाटलं.

"तुझी खुर्ची तुझीच राहील."

दमयंतीबाई उठल्या, पदर खांद्यावर घेतला आणि कमलाच्या बाजूनं, अंग चोरून, बाहेर पडल्या. मागोमाग आणखी चौघी गेल्या. माझी बायको गेली नाही. तिनं नंतर सांगितलं की तिची वाटी अर्धी भरलेली होती.

कमला अजून उंबऱ्याबाहेरच होती. नऊ गुण मिळाले म्हणजे आत यायचं की नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. नव्या मेंबरला त्या "ये गं" म्हणत, तेवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण 'गं' हा आत्याबाईंच्या मराठीतला शब्द. लग्नसराईपुरता देऊन नंतर काढून घेतलेला कमलाचा शब्द दुसरा होता. आत्याबाईंनी ओठ मिटले, पुन्हा उघडले, जणू कडू काढ्याचा घोट घ्यायचा आहे.

"आत ये वं," त्या म्हणाल्या.

आत कुणाच्या तरी हातून पुस्तक पडलं. माझ्या हातून बादली पडली आणि दोन्ही चपला भिजल्या. कमला उंबऱ्यावर वाकली, त्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेली. मग बाहेर उभं राहून आतलं ऐकणं मला बरं वाटेना, म्हणून मी टाकी अर्धीच असताना कूलर सुरू करून टाकला.

यानंतर गल्ली सुधारली असं मी म्हणणार नाही. लग्नसराई संपल्यावर 'गा' परत आलाच; फक्त फाटकाच्या आत तो कुणी आणत नसे. दमयंतीबाई महिनाभर आल्या नाहीत. मग तारघरातला सुट्टीचा वार बदलून घेऊन एका मंगळवारी आल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या, पाय पसरले आणि वाचू लागल्या. पुढची कितीतरी वर्षं त्या मंगळवारीच येत. मंगळवारी कमला येत नसे. हे दोघींनी कधी ठरवलं, की ठरवलंच नाही, ते मला कळलं नाही. पण सोमवारी संध्याकाळी दमयंतीबाईंच्या खुर्चीवर शिवलेल्या पोलक्यांचं पुडकं ठेवलेलं असे. दमयंतीबाईंचं चुकलं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि आत्याबाईंचं बरोबर होतं हे कळायला मला फार वेळ लागला. बाहेर उभं राहून पाणी ओतणाऱ्याला दोन्ही बाजू ऐकू येतात. बसायची खुर्ची त्याची नसते, म्हणून त्याला घाईही नसते.

आत्याबाई निवृत्त झाल्या, आणि दहाएक वर्षांनी त्यांची स्मरणशक्ती जाऊ लागली. माणसांची नावं सगळ्यांचीच जातात. आत्याबाईंच्या शब्दांची लिंगं गेली. पहिल्यांदा चष्मा गेला, "माझी चष्मा कुठेय?" त्या म्हणाल्या तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग 'तो भाकर' झाला, मग 'ते खिडकी'. पाटीवरचा रंग उडाला. मेंबर कुणी सुनांच्या, कुणी नातवंडांच्या मागे लागल्या. रोज दुपारी यायची ती एक कमला, केस पिकलेले, डोळ्यांवर जाड भिंगं. ती आत्याबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, अग्रलेखापासून जाहिरातींपर्यंत, आणि आत्याबाई मधूनच तिचे उच्चार सुधारायच्या. घरातली प्रत्येक वस्तू लिंग बदलून बसली होती, पण कमलाच्या बाबतीत आत्याबाईंची एकदाही चूक झाली नाही.

अशाच एका मेमध्ये मी नेहमीप्रमाणे आठ बादल्या ओतल्या, कूलर सुरू केला आणि रुमालानं मान पुसत खिडकीशी उभा राहिलो. आत्याबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उन्हात काय उभी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "आत ये वं."

मी कमलाकडे पाहिलं. तिनं वर्तमानपत्र खाली केलं.

"या ना, जवाईबापू," ती म्हणाली. "बाईनं म्हटलं म्हणजे झालं."

मी चपला काढल्या. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि ती खोली मी पहिल्यांदा आतून पाहत होतो. दोन कपाटं, बारा खुर्च्या, छताचं रिकामं कडं. मी दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसलो. समोरून वाळ्याची थंड हवा आली. इतके उन्हाळे मी तिला पाठवलं होतं, पण आमची भेट झाली नव्हती.

"व्याकरण चालव," आत्याबाई म्हणाल्या. "शब्द, 'मी'."

"सर्वनाम," मी म्हणालो.

"लिंग?"

खरं उत्तर दिलं असतं तर मला उठावं लागलं असतं, आणि खोटं उत्तर त्यांच्यापुढे द्यायची माझी छाती नव्हती. कमलानं वर्तमानपत्राआडून नुसते ओठ हलवले. मी ते ओठ पाहिले आणि तसंच्या तसं म्हणालो, "ते म्हणणाऱ्याले मालूम."

आत्याबाईंनी समाधानानं मान हलवली, डोळे मिटले आणि एक गुण कापला.